वाघ वाचवायचा, पण कुणाच्या जिवावर?

बुद्धपौर्णिमेच्या रात्री आपण विहारात असतो. त्याच रात्री विदर्भातल्या जंगलांत पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर माणसे बसलेली असतात. पौर्णिमेच्या उजेडात पाण्यावर आलेला प्राणी दिसतो, म्हणून वनखात्याने प्राणीगणनेसाठी ही रात्र धरली. आता वाघांची खरी मोजणी कॅमेरा ट्रॅपने होते आणि मचाणाचा कार्यक्रम 'निसर्ग अनुभव' या नावाने हौशी निसर्गप्रेमींसाठी चालतो. पण त्याच पौर्णिमेच्या आगेमागे, अजून नीट उजाडलेले नसताना, आणखी काही माणसे त्याच जंगलात शिरत असतात. ती तेंदूपत्ता तोडणारी माणसे. त्यांना कुणी निसर्गप्रेमी म्हणत नाही.

१० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया वाघाच्या हल्ल्यात ठार झाल्या. एकाच दिवशी, एकाच जंगलात. १२ मे रोजी बुद्धपौर्णिमा होती. आम्ही ती बातमी कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर टाकली तेव्हा एका तरुण मित्राने विचारले, "हा तर वनखात्याचा विषय आहे, आपला कसा?" प्रश्न प्रामाणिक होता. हा लेख म्हणजे त्याचे उत्तर आहे.

वाघावरून सध्या दोनच आवाज मोठ्याने ऐकू येतात. एक शहरातला, जो म्हणतो, वाघ वाचला पाहिजे, माणसांनी जंगलात जाऊ नये. दुसरा गावातल्या पुढाऱ्याचा, जो प्रत्येक मृत्यूनंतर रस्ता अडवतो आणि विचारतो, तुम्हाला वाघ हवा की माणूस? निवडणूक झाली की तोही गप्प बसतो. या दोन्ही आवाजांत जंगलात जाणाऱ्या बाईचा आवाज नाही. आमचे म्हणणे साधे आहे. वाघ जगला पाहिजे, आणि त्याच्या जगण्याची किंमत भूमिहीन माणसाने एकट्याने मोजता कामा नये. हे दुसरे वाक्य बोलायला आज कुणी तयार नाही. ते आंबेडकरी चळवळीने बोलायचे आहे.

आधी वाघ समजून घेऊ

वाघावर रागावून काही होत नाही. त्याचे जगणे समजून घेतले, तर हे मृत्यू कसे आणि का होतात ते कळते.

वाघ एकटा राहणारा प्राणी आहे. चितळ, सांबर, रानडुक्कर भरपूर असलेल्या चांगल्या जंगलात एका वाघिणीला साधारण २० चौरस किलोमीटरचा मुलूख पुरतो. नराचा मुलूख त्याहून कितीतरी मोठा असतो आणि त्यात दोन-तीन वाघिणी असतात. एका वाघाला आठवड्याला साधारण एक मोठी शिकार लागते, म्हणजे वर्षाला पन्नासच्या आसपास. वाघीण साडेतीन महिन्यांत विते, एका वेळी बहुधा दोन ते चार पिल्ले होतात. दीड-दोन वर्षे ती आईबरोबर राहून शिकार शिकतात. त्यानंतर त्यांना आईचा मुलूख सोडून स्वतःची जागा शोधावी लागते. जंगल भरलेले असेल तर तरुण वाघ बाहेर पडतो. यवतमाळच्या टिपेश्वरमधून २०१९ मध्ये निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ शेते, नाले आणि महामार्ग ओलांडत तेराशे किलोमीटरपेक्षा जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. लोकांनी त्याला 'वॉकर' नाव दिले. जागा शोधत भटकणे ही वाघाची खोड नाही, ती त्याची गरज आहे.

वाघ दबा धरून शिकार करतो. तो सहसा मागून किंवा बाजूने येतो आणि मान धरतो. उभ्या, चालत्या माणसाला तो बहुतेक वेळा टाळतो. म्हणूनच इतक्या वाघांच्या मुलखात इतकी माणसे रोज ये-जा करू शकतात. पण झुडपात वाकून पाने तोडणारी बाई, मोहाखाली बसून फुले वेचणारा म्हातारा, बांधीत वाकून धान कापणारा मजूर यांची उंची चितळाएवढी होते. त्यात वेळ पहाटेची, म्हणजे वाघाच्या फिरण्याची. वाघाला जात कळत नाही. पण पहाटे जंगलात वाकून काम कुणी करायचे, हे ठरवणाऱ्या व्यवस्थेला ती चांगली कळते.

आता आकडे पाहू. २००६ च्या अंदाजानुसार देशात १,४११ वाघ होते. २०२२ मध्ये ते ३,६८२ झाले. महाराष्ट्रात २००६ मध्ये १०३, २०१० मध्ये १६९, २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४. राजस्थानातल्या सरिस्का प्रकल्पात २००५ पर्यंत एकही वाघ उरला नव्हता, हे आठवले तर या यशाचे मोल कळते. हे यश नाकारण्याचे आम्हाला काही कारण नाही.

पण हे वाघ राहतात कुठे? राज्यात मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा आणि बोर असे सहा व्याघ्रप्रकल्प आहेत. तरीही वाघांचा मोठा वाटा एकट्या चंद्रपूर जिल्ह्यात आहे, आणि तिथेही सगळे वाघ ताडोब्यात नाहीत. ब्रह्मपुरीचा वनविभाग हा व्याघ्रप्रकल्प नाही. तिथे जंगल, धानाच्या बांध्या, तलाव आणि गावे एकमेकांत गुंतलेली आहेत. गावाची शेवटची वस्ती संपते तिथे जंगल सुरू होते, आणि गावाची शेवटची वस्ती कुणाची असते हे या लेखाच्या वाचकाला सांगायला नको.

पहाटे जंगलात कोण जाते?

ज्याच्याकडे दहा एकर धानाची शेती आणि ट्रॅक्टर आहे, त्याच्या घरातली बाई मे महिन्यात पहाटे चारला तेंदूपत्ता तोडायला जात नाही. जाते ती भूमिहीन घरातली. गोंड, माना, ढिवर, गोवारी आणि आपल्या बौद्ध घरांतली. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मे महिन्यात तेंदूपत्ता, पावसाळ्याआधी सरपण, मग दुसऱ्याच्या बांधीत रोवणी, दिवाळीच्या सुमारास धानाची कापणी. सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा, शेकड्याने पुडे मोजून द्यायचे. पंधरा-वीस दिवसांच्या या कामातून जे हाती येते त्यातून जूनमध्ये मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो आणि सावकाराचे तोंड बंद होते. नगदी पैसा देणारा तेवढाच हंगाम असतो.

आम्ही काही वर्षे या भागात वनहक्काचे दावे आणि नुकसानभरपाईची कागदपत्रे भरून देण्याचे काम करतो. अशाच एका घरी गेलो होतो. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब, त्यांच्याखाली नव्यानेच लावलेला सुनेचा फोटो. पंचनाम्याच्या वेळी एका कर्मचाऱ्याने सासूला विचारले होते, "ती जंगलात कशाला गेली होती? परवानगी होती का?" ते आठवून ती म्हातारी आम्हाला म्हणाली, "भाऊ, आम्ही का हौसेनं जातो जंगलात? सिलिंडर भरायला पैसे लागते. घरी बसून चूल पेटते का?" या प्रश्नाला उत्तर देणारा रकाना आमच्या हातातल्या फॉर्ममध्ये नव्हता.

महाराष्ट्रात वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास वारसांना २५ लाख रुपये मिळतात. ही रक्कम वाढत वाढत इथवर आली आणि तिच्यामागे लोकांचा संघर्ष आहे. पण भरपाई मेल्यानंतर मिळते. मे महिन्यात पहाटे घराबाहेर पडावे लागू नये, यासाठी त्याच्या निम्मीही तत्परता दिसत नाही. बफरमधल्या गावांना गॅस, शौचालय, कुंपण देण्याच्या योजना आहेत. पण पहिले सिलिंडर मिळते, दुसरे स्वतःच्या पैशाने भरायचे असते. आणि ब्रह्मपुरीसारख्या, व्याघ्रप्रकल्पाच्या बाहेरच्या गावांत तर वाघ आहे आणि योजना नाही अशी स्थिती जागोजागी आढळते.

भाषेकडेही पाहा. ताडोब्यातल्या वाघांना नावे आहेत. माया, मटकासूर, वाघडोह ही नावे मुंबई-पुण्याच्या पर्यटकांना पाठ आहेत. २ नोव्हेंबर २०१८ रोजी यवतमाळ जिल्ह्यात 'अवनी' वाघिणीला गोळी घातली गेली, तेव्हा मोठ्या शहरांत मेणबत्त्या पेटल्या. तिला बेशुद्ध करून पकडण्याचा प्रयत्न नीट झाला होता का, हा प्रश्न योग्यच होता आणि तो विचारला गेला हे बरे झाले. पण तिच्या नावावर नोंदवलेल्या १३ मृत्यूंतली किती नावे त्या मेणबत्त्यांजवळ उच्चारली गेली? मेलेले सगळे गुराखी, शेतमजूर, लहान शेतकरी होते. वाघिणीला नाव होते आणि माणसांना आकडा होता. ज्यांच्या पूर्वजांना गावाने नावाऐवजी जातीने हाक मारली, त्यांना यातला अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नाही.

वाघ संपवले कुणी, दोष कुणाला?

'स्थानिक लोकांमुळे जंगल आणि वाघ संपतात' हे वाक्य इतक्या वेळा बोलले जाते की ते खरे वाटू लागते. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशोबानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत भारतात ८० हजारांहून अधिक वाघ मारले गेले. इंग्रज सरकार वाघ मारायला बक्षीस देत होते. राजे-महाराजे आणि गोरे साहेब हत्तीवर बसून शिकारी करत होते आणि हाका द्यायला गावातल्या अस्पृश्यांना, आदिवासींना वेठीला धरले जात होते. मेलेल्या वाघावर पाय ठेवून काढलेल्या फोटोंत हाकारे दिसत नाहीत. स्वातंत्र्यानंतरही शिकारीच्या कंपन्या परदेशी पाहुण्यांना घेऊन येत राहिल्या. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि १ एप्रिल १९७३ रोजी सुरू झालेला व्याघ्रप्रकल्प यांची गरज या शौकामुळे पडली. शौक वाड्यांनी केला, आणि जंगलातून उठायची पाळी आली ती झोपड्यांवर.

आजही तोच न्याय आहे. सरपणाची मोळी आणणाऱ्या बाईवर गुन्हा नोंदवता येतो. पण कोळशाच्या खाणी, चौपदरी रस्ते आणि गोसेखुर्दचे कालवे वाघाचे भ्रमणमार्ग तोडतात, तेव्हा तो 'विकास' असतो. इथे एक गोष्ट आमच्या तरुणांनी नीट लक्षात घ्यावी. वाघ हा जंगलातल्या गरिबाचा शत्रूच आहे असे नाही. ताडोब्याजवळची लोहारा कोळसा खाण अडली, त्यात लोकांचा विरोध होता आणि वाघांचा भ्रमणमार्ग हा मुद्दाही होता. जिथे वाघ उरत नाही, तिथले जंगल आपल्याला मिळेल असे समजू नका. ते खाणीला मिळते.

कायदा आपल्या बाजूने आहे, आपण त्याच्या बाजूला गेलो तर

२००६ मध्ये दोन गोष्टी घडल्या. वन्यजीव कायद्यात दुरुस्ती होऊन राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची तरतूद आली, आणि त्याच वर्षी वनहक्क कायदा झाला. दोन्ही एकत्र वाचले पाहिजेत. व्याघ्र अधिवासासाठी गाव उठवायचे असेल तर आधी वनहक्कांची प्रक्रिया पूर्ण झाली पाहिजे, पुनर्वसन स्वेच्छेने झाले पाहिजे आणि ग्रामसभेची माहितीपूर्ण संमती हवी, असे वन्यजीव कायदाच सांगतो. 'वाघासाठी गाव खाली करा' असा तोंडी हुकूम कायद्यात बसत नाही.

वनहक्क कायद्यात दोन प्रकारचे दावेदार आहेत. अनुसूचित जमातींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. 'इतर पारंपरिक वननिवासीं'ना मात्र तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. जंगलालगतचा बौद्ध माणूस या दुसऱ्या रकान्यात येतो आणि बहुतेक वेळा तिथेच त्याचा दावा फेटाळला जातो. ज्या समाजाला गावकुसाबाहेर ठेवले, जमीन दिली नाही, शाळेत बसू दिले नाही, त्याच्याकडे ७५ वर्षांपूर्वीचा कागद कुठून येणार? मध्य प्रांतात गावची कोतवालकी बहुधा महारांकडे असे. साऱ्या गावाच्या जन्ममृत्यूच्या खबरी ज्याने ठाण्यात पोचवल्या, त्याच्याच नातवाला आज विचारले जाते, तू इथला कशावरून?

पण यावर उत्तर आहे, आणि ते कार्यकर्त्यांनी पाठ करावे. ७५ वर्षे ही गावातल्या वास्तव्याची अट आहे, त्याच जमिनीच्या तुकड्यावरच्या ताब्याची नाही. नियमांनुसार गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हा पुरावा आहे. जुने निस्तार पत्रक, कोतवाल बुकाची नक्कल, पडक्या घराच्या, विहिरीच्या, स्मशानाच्या खुणा हेही पुरावे होऊ शकतात. आणि सामूहिक वनहक्क मिळाला तर तो सगळ्या ग्रामसभेचा असतो, त्यात आदिवासी आणि बौद्ध असा भेद नाही.

ग्रामसभा म्हटली की आमच्यातल्या अनेकांच्या कपाळाला आठी पडते, आणि ती योग्य आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या उदात्तीकरणावर जो घणाघात केला, तो आम्ही विसरलेलो नाही. बाबासाहेबांनी आपल्याला शहराची वाट दाखवली आणि जे गेले त्यांचे भले झाले. पण जे जाऊ शकले नाहीत त्यांचे काय? वनहक्क समितीत आदिवासींना आणि स्त्रियांना जागा राखून आहेत, अनुसूचित जातींना नाहीत. म्हणजे तिथे आपण स्वतःहून जाऊन बसलो तरच आपण असतो. ग्रामसभेवर विश्वास ठेवा असे आम्ही म्हणत नाही. ग्रामसभेत हजर राहा आणि ठरावाच्या कागदावर आपले म्हणणे लिहून घ्या, एवढेच म्हणतो.

हे जमते याची उदाहरणे दूर नाहीत. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला तो मिळाल्यावर ग्रामसभेने बांबूतून उत्पन्न उभे केले आणि तेंदूपत्ता तोडणे स्वतःहून थांबवले, कारण त्यासाठी फांद्या छाटतात आणि जंगलाला आगी लावतात. जे काम वनखात्याच्या बंदीने झाले नाही ते हक्क मिळाल्याने झाले. पोटाची सोय झाली की माणूस पहाटेच्या अंधारात जंगलात जाणे स्वतःच थांबवतो.

दान आणि बळी

आर्यशूराच्या 'जातकमाले'त व्याघ्रीची कथा आहे. भुकेने व्याकूळ वाघीण स्वतःच्या पिल्लांना खाण्याच्या बेतात असते आणि बोधिसत्त्व आपला देह तिच्यापुढे टाकतो. नेपाळमधले नमोबुद्ध हे स्थान या कथेशी जोडले गेले आहे. कथा इतिहास म्हणून आम्ही घेत नाही. पण तिचा अर्थ नीट वाचला पाहिजे. बोधिसत्त्वाने देह दिला तो स्वतःच्या इच्छेने, विचार करून. ते दान आहे. सिंदेवाहीच्या स्त्रियांना कुणी विचारले नव्हते. दुसऱ्याच्या जिवावर केलेल्या करुणेला दान म्हणत नाहीत. त्याला बळी म्हणतात, आणि बळी देणाऱ्या धर्माविरुद्ध तर तथागत उभे राहिले.

'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेची चर्चा करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. आम्हाला हा फरक वाघाच्या प्रश्नात फार उपयोगी वाटतो. सूड म्हणून वाघाला विष घालणे, विजेच्या तारा लावणे ही मारण्याची इच्छा आहे, तिला आमचा विरोध आहे. वारंवार माणसे मारणारा एखादा वाघ पकडणे आणि दुसरा काहीच मार्ग नसेल तेव्हा त्याला ठार करणे ही गरज असू शकते. ती विवेकाने ठरवायची. जमावाच्या रागावरून ती ठरत नाही आणि शहरातल्या मेणबत्त्यांवरूनही नाही.

सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी, दोघांसाठीही औषधोपचाराची सोय केल्याचे सांगितले आहे. पाचव्या स्तंभलेखात विनाकारण जंगल जाळू नये अशी आज्ञा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्याच नागभीड तालुक्यात, देवटेक येथे, प्राणी पकडण्या-मारण्याला मनाई करणारा प्राचीन ब्राह्मी लेख सापडला आहे. वा. वि. मिराशी यांनी तो अशोकाच्या काळाशी जोडला. वाघांच्या आजच्या मुलखात, दोन हजार वर्षांपूर्वी, धम्माची ही आज्ञा दगडावर कोरलेली होती. म्हणजे वन्यजीवांविषयीची आस्था आपल्याला कुणाकडून उसनी घ्यायची नाही. फरक इतकाच, की अशोकाने माणूस आणि पशू एका वाक्यात धरले. आजचे धोरण पशूला धरते आणि माणसाला सोडते.

याच जिल्ह्यात चिमूर तालुक्यातल्या रामदेगीच्या जंगलात डिसेंबर २०१८ मध्ये ध्यानाला बसलेले एक भिक्खू बिबट्याच्या हल्ल्यात मरण पावले. तेव्हाही आपण हळहळलो आणि विसरलो. हळहळ पुरे झाली.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. वाघ असलेल्या प्रत्येक गावात, मग ते प्रकल्पाच्या आत असो की बाहेर, वर्षभर पुरेल इतका गॅस मोफत मिळाला पाहिजे. मोह आणि तेंदूच्या हंगामात रोजगार हमीचे काम गावातच उघडले पाहिजे आणि मजुरी वेळेवर मिळाली पाहिजे. ज्यांना तरीही जंगलात जावे लागते, त्यांच्यासोबत गावातल्याच तरुणांचे पगारी रक्षक दल असले पाहिजे आणि वाघाचा वावर कुठे आहे हे त्यांना आदल्या संध्याकाळी कळले पाहिजे. सफारीच्या उत्पन्नात ग्रामसभेचा हक्काचा वाटा हवा. इतर पारंपरिक वननिवासींवरची ७५ वर्षांची अट रद्द झाली पाहिजे. आणि मृत्यूच्या प्रत्येक पंचनाम्यात 'जंगलात कशाला गेली' या प्रश्नाऐवजी 'तिला जावे का लागले' हा प्रश्न छापलेला हवा.

हे सगळे करायला वाघ कमी करावे लागत नाहीत. विषमता कमी करावी लागते. मोर्चासाठी पुढच्या मेची वाट पाहू नका. आताच तुमच्या तालुक्यातल्या वनहक्क समितीची यादी काढा, त्यात आपले कोण आहे ते पाहा, फेटाळलेले दावे मागवा, म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्या. म्हातारी माणसे फार दिवस थांबत नाहीत, आणि त्यांच्याबरोबर आपला पुरावाही जातो.

जय भीम.